बोरिवलीच्या जंगलातलं ब्लू मॉर्मन: राज्य फुलपाखराची गोष्ट लिंबाच्या पानावर सुरू होते

बोरिवलीचं नॅशनल पार्क म्हटलं की सगळ्यांना आधी बिबट्या आठवतो. सोसायटीच्या सीसीटीव्हीत दिसलेला, आरेतल्या रस्त्यावर गाडीच्या उजेडात सापडलेला, व्हॉट्सॲपवर दिवसभर फिरलेला. पण याच जंगलात आणखी एक रहिवासी आहे. तो भरदिवसा, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, कधीकधी अगदी तुमच्या गॅलरीसमोरून जातो. काळंभोर अंग, त्यावर फिकट निळे पट्टे आणि आकार असा की पहिल्यांदा बघणाऱ्याला वाटावं, छोटा पक्षीच उडाला.

हे ब्लू मॉर्मन. महाराष्ट्राचं राज्य फुलपाखरू. पावसाळ्यात आणि त्यानंतरच्या दोन-तीन महिन्यांत कान्हेरीच्या रस्त्यावर, येऊरला, आरेत, मुलुंडच्या डोंगराकडच्या वसाहतींत ते हमखास दिसतं. इतकं मोठं, इतकं देखणं, तरी त्याच्याबद्दल लोकांना फारसं माहीत नसतं. फोटो मात्र दरवर्षी व्हायरल होतात, आणि त्यातले बरेच भलत्याच फुलपाखराचे असतात.

आधी ओळख पटवून घेऊ

ब्लू मॉर्मनचा पंखविस्तार, म्हणजे पसरलेल्या पंखांचं एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंतचं अंतर, १२ ते १५ सेंटिमीटर असतो. आपली चिमणी चोचीपासून शेपटीपर्यंत साधारण १५ सेंटिमीटरची असते. त्यामुळे ‘पक्षीच वाटला’ म्हणणाऱ्याला हसू नका.

पुढचे पंख काळे आणि त्यांवर निळसर-राखाडी पट्ट्यांची एक रांग. मागच्या पंखांचा मुळाकडचा भाग काळा आणि बाहेरचा बराचसा भाग फिकट निळा, त्यात काळे ठिपके. पंख मिटलेले असताना खालच्या बाजूला, अगदी मुळाशी, गडद लाल डाग दिसतात. मादी नरापेक्षा थोडी फिकी आणि तपकिरीकडे झुकणारी. आणखी एक खूण म्हणजे मागच्या पंखांना शेपटी नसते. हे फुलपाखरू स्वॅलोटेल नावाच्या कुळातलं आहे. या कुळातल्या अनेक फुलपाखरांच्या मागच्या पंखांना छोटी शेपटी असते, पण याला नाही.

मुंबईत याच्याशी गल्लत होते ती साधारण तीन फुलपाखरांची. पहिलं ब्लू टायगर. त्याच्या काळ्या पंखांवर निळसर पांढऱ्या रेघा आणि ठिपके असतात. पण ते खूपच लहान असतं आणि शांतपणे तरंगत उडतं. दुसरं ग्रेट एगफ्लाय. त्याच्या नराच्या काळ्या पंखांवर निळ्या कडेचे पांढरे डाग असतात. तिसरा कॉमन मॉर्मनचा नर, काळा आणि मागच्या पंखांवर पांढऱ्या डागांची माळ घातलेला. तिन्ही ब्लू मॉर्मनपेक्षा लहान. आणि हो, रात्री भिंतीवर येऊन बसलेला विटकरी रंगाचा, ताटलीएवढा जो जीव ‘जगातलं सर्वात मोठं फुलपाखरू’ म्हणून फॉरवर्ड होतो, तो ॲटलस मॉथ. तो पतंग आहे, फुलपाखरू नाही. त्याचा या लेखाशी संबंध एवढाच की गल्लत टळावी.

ब्लू मॉर्मन ओळखण्याची आणखी एक सोपी युक्ती म्हणजे त्याची उडण्याची पद्धत. ते सरळ जात नाही. वर, खाली, बाजूला असं झोकांड्या दिल्यासारखं, पण वेगात जातं. फुलावर आलं तरी नीट टेकत नाही. पुढचे पंख सतत फडफडत ठेवत मध पितं आणि पुढच्या फुलाकडे जातं. म्हणूनच मोबाइलवर काढलेल्या त्याच्या बहुतेक फोटोंत फक्त निळा धूर दिसतो.

नावात ट्रॉयचं युद्ध आणि अमेरिकेतला एक पंथ

याचं शास्त्रीय नाव पॅपिलिओ पॉलिम्नेस्टर. १७७५ मध्ये पीटर क्रेमर या डच अभ्यासकाने ते दिलं. त्या काळी युरोपातल्या अभ्यासकांपुढे जगभरातून आणलेल्या फुलपाखरांचे ढीग पडले होते आणि प्रत्येकाला नाव हवं होतं. वर्गीकरणाचा पाया घालणाऱ्या लिनियसने यावर मजेदार तोडगा काढला. मोठ्या फुलपाखरांना त्याने ग्रीक महाकाव्यातल्या योद्ध्यांची नावं दिली, आणि त्यांतही ट्रॉयच्या बाजूचे आणि ग्रीकांच्या बाजूचे असे दोन गट पाडले. छातीशी रक्तासारखे लाल डाग असलेली, बहुतेक काळी, ती ट्रॉयच्या बाजूची. कॉमन मॉर्मनचं नाव पॉलिटेस, हा ट्रॉयचा राजा प्रायमचा मुलगा. ईशान्य भारतातल्या ग्रेट मॉर्मनचं नाव मेम्नॉन, हा ट्रॉयच्या मदतीला आलेला राजा. पॉलिम्नेस्टर म्हणजे थ्रेसचा राजा, प्रायमचा जावई. कथेत तो सोन्याच्या लोभाने आश्रयाला आलेल्या मेहुण्याला मारतो. इतक्या देखण्या फुलपाखराच्या वाट्याला हे पात्र यावं, याला काय म्हणायचं!

‘मॉर्मन’ या शब्दाची गोष्ट निराळी. हे नाव आधी कॉमन मॉर्मनला मिळालं. त्याचा नर एकाच रूपाचा, पण माद्या तीन रूपांच्या. एक नरासारखी दिसणारी, दुसरी कॉमन रोझ या फुलपाखरासारखी आणि तिसरी क्रिमझन रोझसारखी. एका नराच्या अशा निरनिराळ्या ‘बायका’ बघून इंग्रजांना अमेरिकेतला, त्या काळी बहुपत्नीत्वासाठी गाजलेला मॉर्मन पंथ आठवला. त्या पंथाच्या मुख्य चर्चने १८९० मध्ये ही प्रथा सोडल्याचं जाहीर केलं, फुलपाखराचं नाव मात्र राहिलं ते राहिलंच. आपल्या निळ्या मॉर्मनच्या माद्या अशा वेगवेगळ्या रूपांच्या नसतात. त्याला हे नाव फक्त नात्यागोत्यामुळे चिकटलं.

कॉमन मॉर्मनच्या माद्या दुसऱ्याचं रूप का घेतात? कॉमन रोझ आणि क्रिमझन रोझ यांच्या अळ्या सापसंदीसारख्या विषारी वेलींवर वाढतात. ते विष अंगात साठतं, म्हणून पक्षी त्यांच्या वाटेला जात नाहीत. कॉमन मॉर्मनच्या अंगात विष नाही, पण त्यांचे कपडे घातले की काम भागतं. हे सोंग नेमकं कसं वठतं, हे कोडं बरीच वर्षं सुटत नव्हतं. अनेक जनुकं मिळून हे करत असावीत, असा अंदाज होता. २०१४ मध्ये बंगळुरूच्या राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्रातले कृष्णमेघ कुंटे आणि त्यांच्या अमेरिकेतल्या सहकाऱ्यांनी ‘नेचर’मध्ये दाखवून दिलं की यामागे मुख्यतः एकच जनुक आहे. त्याचं नाव डबलसेक्स. कीटकांमध्ये नर-मादीतले फरक घडवणं हे त्याचं नेहमीचं काम. त्याच जनुकाकडून इथे पंखांची नक्षीही ठरवून घेतली गेली आहे. हे कॉमन मॉर्मन तुमच्या बिल्डिंगखालच्या कढीपत्त्यावरही अंडी घालतं, म्हणजे ‘नेचर’मध्ये छापून आलेला चमत्कार घाटकोपरच्या कुंडीत बघायला मिळू शकतो.

मराठीत काय म्हणायचं? २०१५ मध्ये राज्य फुलपाखराची घोषणा झाली तेव्हा ‘राणी पाकोळी’ हे नाव पुढे आलं. ऐकायला गोड आहे, पण पाकोळी म्हणजे भिरभिरणारा तो छोटा पक्षीही, त्यामुळे थोडा गोंधळ होतो. पुढे राज्य जैवविविधता मंडळाने फुलपाखरांना मराठी नावं देण्याचा उपक्रम केला, त्यात याचं नाव झालं ‘नीलवंत’. मला हे जास्त आवडतं. एक तर रंग लगेच कळतो, आणि नराला राणी म्हणावं लागत नाही.

पक्ष्याची विष्ठा, मग साप, मग काडी

फुलपाखराचं खरं आयुष्य आपल्याला दिसतच नाही. आपण बघतो ते शेवटचे काही आठवडे. त्याआधीचा सगळा काळ एखाद्या झुडपावर गुपचूप गेलेला असतो.

ब्लू मॉर्मनची मादी अंडी घालते ती लिंबाच्या कुळातल्या झाडांवरच. आपल्या जंगलात तिची मुख्य मदार माकडलिंबू आणि किरमिरा यांच्यासारख्या झुडपांवर आणि लहान झाडांवर. माकडलिंबू म्हणजे लिंबाचा रानटी भाऊबंद. बाजारात त्याला कुणी विचारत नाही, पण पान चुरगळलं की लिंबाचा वास येतो. वस्तीजवळ आली की ही मादी पपनस, लिंबू यांच्यावरही काम भागवते. ती झाड डोळ्यांनी हेरते, पण खात्री करते पायांनी. पानावर बसून ती पुढच्या पायांनी टकटक करते. तिच्या पायांवर चव ओळखणारी इंद्रियं असतात. पानाची चव पटली तरच अंडं. आणि एका जागी ढीग नाही, एकेक करून. एका पानावर एक, मग उडून दुसरीकडे. एका भक्षकाला सगळी अंडी एकदम सापडू नयेत आणि पिल्लांना आपापसांत पानांसाठी मारामारी करावी लागू नये, असा दुहेरी फायदा.

काही दिवसांत अंड्यातून अळी बाहेर येते आणि पुढच्या तीन-चार आठवड्यांत चार वेळा कात टाकते. इथून पुढचा भाग मला या फुलपाखराच्या आयुष्यातला सर्वात भारी वाटतो.

लहानपणी ही अळी पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसते. तपकिरी-हिरवट, मध्ये पांढरे डाग, वर ओलसर चमक. ती पानाच्या वरच्या बाजूला, उघड्यावर बसते. लपतच नाही. पक्षी सगळं खाईल, पण स्वतःची घाण कशाला खाईल? शेवटची कात टाकली की तीच अळी एकदम हिरवी होते. आता ती इतकी मोठी झालेली असते की विष्ठा म्हणून खपणं शक्य नाही. म्हणून नवा वेश. पानात मिसळणारा रंग, फुगीर छाती आणि तिच्यावर डोळ्यांसारखे ठिपके. समोरून बघितलं तर छोट्या सापाचं डोकं. अळीचं खरं डोकं याच्या खाली दडलेलं, बारीकसं असतं.

हा वेशबदल कोण घडवतो? याच्याच एका नातेवाइकावर, जपानमधल्या लिंबावर वाढणाऱ्या स्वॅलोटेलवर संशोधन झालं, ते २००८ मध्ये ‘सायन्स’मध्ये आलं. अळीच्या अंगातलं ‘ज्युव्हेनाइल हॉर्मोन’ जास्त असेपर्यंत विष्ठेचा वेश टिकतो. ते कमी झालं की पुढच्या कातीला हिरवा रंग येतो. ठरावीक वेळी संशोधकांनी हे हॉर्मोन बाहेरून दिलं, तर मोठी झालेली अळीही विष्ठेच्याच वेशात राहिली.

आणि तरीही कुणी डिवचलंच तर? अळीच्या मानेमागून दोन शिंगांचा एक मऊ, ओलसर अवयव सटकन बाहेर येतो. त्याला ऑस्मेटेरियम म्हणतात. त्यातून आंबूस, कुबट वास सुटतो. मुंग्या आणि लहान शिकारी किडे त्याने मागे हटतात. माणसाला याचा काही अपाय नाही. लिंबाच्या झाडावरची ‘शिंगं काढणारी विषारी अळी’ म्हणून जे व्हिडिओ फिरतात, ते बहुधा हेच. विष वगैरे काही नाही, ती बिचारी घाबरलेली असते.

पोट भरलं की अळी झाडावर भटकून एक जागा निवडते. शेपटीचं टोक रेशमाच्या गादीत रोवते आणि कमरेभोवती रेशमाचा एक धागा बांधून घेते. खांबावर चढलेला वायरमन पट्ट्याच्या आधाराने मागे रेलतो ना, अगदी तशी. मग कोष. तो आजूबाजूच्या रंगानुसार हिरवा किंवा तपकिरी होतो. हिरव्या पानांत पान, सुक्या फांदीवर काडी. दोनेक आठवडे काहीच हालचाल नाही. मग एके दिवशी, बहुधा सकाळी, कोष फाटतो. ओले, चुरगळलेले पंख घेऊन फुलपाखरू बाहेर येतं, पंखांच्या शिरांत द्रव भरून ते ताणून घेतं आणि तास-दोन तासांत उडून जातं. अंड्यापासून इथपर्यंत साधारण दीड महिना. हवामानानुसार कमी-जास्त.

वाचायला हे सोपं वाटतं, पण यातून पार पडणारे फार थोडे असतात. अंड्यातच अंडी घालणाऱ्या गांधीलमाश्यांच्या जाती आहेत. त्या इतक्या बारीक की डोळ्यांना ठिपकाही दिसायचा नाही. मऊ, ताज्या कोषात अंडी घालणाऱ्या आहेत. पानं शिवून घरटं करणाऱ्या लाल मुंग्या, कोकणात ज्यांना ओंबील म्हणतात, त्या आहेत. कोळी, खंडोबाचा किडा, सरडे आणि अनेक पक्षी आहेतच. तुमच्यासमोरून जे एक ब्लू मॉर्मन गेलं, त्यामागे न पोहोचलेल्या भावंडांची मोठी रांग आहे.

राजस दिसणारे नर चिखलात काय करतात?

कान्हेरीकडे जाताना ओढ्याकाठी ओल्या वाळूवर पंख हलवत बसलेली फुलपाखरं दिसतात. ती पाणी पिण्यापुरती आलेली नसतात. त्यांना हवं असतं मीठ. फुलांच्या मधात साखर भरपूर असते, पण सोडियम जवळजवळ नसतं. पानं खाणाऱ्या अळीलाही ते फारसं मिळत नाही. म्हणून ओल्या मातीतून, कधी प्राण्यांच्या मूत्रातून, ते शोषून घ्यायचं. यात बहुतेक करून नरच असतात. फुलपाखरांच्या अनेक जातींत असं दिसलंय की मीलनाच्या वेळी नर हे क्षार शुक्राणूंबरोबर मादीला देतो आणि तिथून ते अंड्यांपर्यंत पोहोचतात. बापाने चिखलातून आणलेली शिदोरी म्हणा. ब्लू मॉर्मनचे नर असे ओलसर जागी नेहमी दिसतात, आणि त्यांचा स्वच्छ फोटो घ्यायची हीच वेळ. मीठ शोषताना ते एरवीपेक्षा जास्त वेळ थांबतात.

‘देशातलं दुसरं मोठं फुलपाखरू’ हे खरं का?

जून २०१५ मध्ये राज्य वन्यजीव मंडळाच्या बैठकीत ब्लू मॉर्मनला राज्य फुलपाखराचा मान मिळाला. शेकरू, हरियाल, ताम्हण आणि आंबा यांच्या पंक्तीत एक कीटक येऊन बसला. स्वतःचं राज्य फुलपाखरू ठरवणारं महाराष्ट्र हे देशातलं पहिलं राज्य. पुढे उत्तराखंडने कॉमन पीकॉक, कर्नाटकाने सदर्न बर्डविंग, केरळने मलबार बँडेड पीकॉक, तमिळनाडूने तमिळ योमन निवडलं.

तेव्हापासून प्रत्येक बातमीत एक वाक्य येतं: आकाराने सदर्न बर्डविंगनंतर देशात याचाच नंबर. हे वाक्य थोडं चाळून घ्यायला हवं. दक्षिण भारतापुरतं, सह्याद्रीपुरतं बोलायचं तर ठीक. पण हिमालयात आणि ईशान्येकडे बर्डविंगच्या दुसऱ्या जाती आहेत आणि त्याही मोठ्या असतात. शिवाय सदर्न बर्डविंगचा पहिला क्रमांकही आता गेला. ब्रिगेडियर इव्हान्स यांनी १९३२ मध्ये त्याच्या मादीची १९० मिलिमीटरची नोंद केली होती. ती २०२० मध्ये उत्तराखंडच्या दिदिहाटमधल्या गोल्डन बर्डविंगच्या १९४ मिलिमीटरच्या मादीने मोडली. ब्लू मॉर्मन देशातल्या सर्वात मोठ्या फुलपाखरांपैकी एक आहे, एवढं म्हटलं तरी त्याची शान कमी होत नाही.

ते फक्त आपलं आहे असंही नाही. द्वीपकल्पीय भारतात, विशेषतः पश्चिम घाट आणि दोन्ही किनारपट्ट्यांवर ते आढळतं, श्रीलंकेतही आढळतं. महाराष्ट्रात कोकण आणि सह्याद्री हे त्याचं हक्काचं घर, पण विदर्भातूनही त्याच्या नोंदी आहेत. आणि त्याच्या बाजूने सर्वात भक्कम मुद्दा हा की ते बघायला दुर्गम जंगलात जावं लागत नाही. राज्याचं मानचिन्ह रिक्षाने जाऊन बघता येतं, ही सोय शेकरूने मुंबईकराला दिलेली नाही.

मुंबईत कुठे बघाल?

संजय गांधी राष्ट्रीय उद्यान सुमारे १०४ चौरस किलोमीटरचं आहे. एका बाजूला बोरिवली, कांदिवली, मालाड, दुसऱ्या बाजूला मुलुंड आणि ठाणे, दक्षिणेला आरे आणि पवईच्या दिशेने पसरलेली हिरवळ, पोटात तुळशी आणि विहार तलाव. या पट्ट्यात कुठेही सावली, ओढा आणि फुलं एकत्र आली की तिथे थांबावं. जून-जुलैच्या मुसळधार पावसात फार आशा नको. पाऊस उघडीप द्यायला लागला, साधारण ऑगस्टच्या शेवटापासून नोव्हेंबरपर्यंत, की सकाळी नऊ ते बाराच्या दरम्यान शक्यता चांगली असते. फुलपाखरांना उन्हात अंग तापवल्याशिवाय उडता येत नाही, त्यामुळे पहाटे सहाला जाऊन उपयोग नाही. उशिरा उठणाऱ्यांसाठी हा निसर्गातला सर्वात सोयीचा छंद आहे.

उद्यान सोमवारी बंद असतं. कान्हेरीचा रस्ता सगळ्यांसाठी आहे, शिलोंढ्यासारख्या आतल्या वाटांवर परवानगी घेऊनच जावं लागतं. गोरेगावला चित्रनगरीजवळ बॉम्बे नॅचरल हिस्ट्री सोसायटीचं निसर्ग शिक्षण केंद्र आहे, तिथल्या फुलपाखरू सहली प्रसिद्ध आहेत. घोडबंदर रस्त्याजवळ ओवळा गावातली ओवळेकरवाडी तर खास फुलपाखरांसाठी झाडं लावून उभी केलेली बाग आहे. एक लक्षात ठेवा. राष्ट्रीय उद्यानातून फुलपाखरू, अळी किंवा कोष उचलून आणणं हा कायद्याने गुन्हा आहे. ‘मुलांना दाखवायला नेतोय’ हे कारण चालत नाही.

मग अडचण कुठे आहे?

ब्लू मॉर्मन दुर्मिळ नाही. उद्या संपून जाईल अशी भीती घालण्यात अर्थ नाही. प्रश्न वेगळा आहे. उपनगरांत ते दिसतं, कारण जंगल भिंतीला लागून आहे. आणि जंगल म्हणजे फक्त उंच झाडं नव्हेत.

ऑक्टोबर २०१९ मध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेतली झाडं रात्रीतून तोडायला सुरुवात झाली, सर्वोच्च न्यायालयाने थांबवेपर्यंत २,१४१ झाडं गेली होती. हा आकडा अनेकांना आजही आठवतो. मेट्रो हवी की नको हा वाद इथे घ्यायचा नाही. फुलपाखराच्या दृष्टीने बघायचं ते हे की अशा हिशेबात मोजली जातात ती झाडं. त्यांच्या सावलीत छाती-कमरेएवढं वाढलेलं माकडलिंबू, किरमिरा यांच्या नावाचा रकाना नसतो. बदल्यात दुसरीकडे रोपं लावली जातात तीही झाडांचीच. झाडाला झाड मिळतं, अळीला पान मिळत नाही.

दुसरी गोष्ट आगीची. डिसेंबर २०१८ मध्ये गोरेगावला चित्रनगरी रस्त्याजवळच्या डोंगरावर लागलेल्या मोठ्या वणव्याचे फोटो उपनगरातल्या कितीतरी खिडक्यांतून निघाले. एवढे मोठे वणवे क्वचित लागतात, पण थंडी-उन्हाळ्यात छोट्या आगी लागत राहतात. मोठी झाडं बऱ्याचदा त्यातून वाचतात. जमिनीलगतची झुडपं आणि त्यांच्यावरचे कोष वाचत नाहीत. कोषाला पळता येत नाही.

घाणेरीचा पेच जरा अवघड आहे. मध्य आणि दक्षिण अमेरिकेतून बागेसाठी आलेलं हे झुडूप आता जंगलभर पसरलंय. त्याच्या रंगीत फुलांवर फुलपाखरं तुटून पडतात, ब्लू मॉर्मनही. म्हणून घाणेरी काढायला घेतली की काही निसर्गप्रेमी हळहळतात. पण तीच घाणेरी दाट माजून खालची देशी झुडपं दाबून टाकते. फुलपाखराला जेवण मिळतं आणि पाळणा जातो. माझ्या मते ती काढायलाच हवी, पण टप्प्याटप्प्याने आणि तिच्या जागी एक्झोरासारखी फुलं देणारी देशी झुडपं लावत.

हाच घोळ सोसायट्यांच्या बागांतही होतो. ‘बटरफ्लाय गार्डन’ अशी पाटी, आत रंगीबेरंगी फुलं आणि लिंबाच्या कुळातलं एकही झाड नाही. असली बाग म्हणजे फुलपाखरांचं हॉटेल. येतील, खातील, जातील. वस्ती करायची तर अळीसाठी पानं हवीत, आणि अळीने पानं खाल्लेली चालवून घ्यायला हवीत. इथेच बहुतेक सोसायट्या अडतात. पानं कुरतडलेली दिसली की माळी फवारणी करतो, कमिटीची तक्रार मिटते.

गॅलरीत लिंबाची, पपनसाची किंवा कढीपत्त्याची कुंडी असेल तर हे तुम्हालाही करून बघता येईल. तिच्यावर बहुधा कॉमन मॉर्मन किंवा लिंबावरचं लाइम बटरफ्लाय येईल. जंगलाजवळ राहत असाल तर लिंबावर किंवा पपनसावर ब्लू मॉर्मनही येऊ शकतं. पानावर पक्ष्याची विष्ठा दिसली तर पुसायच्या आधी जरा निरखून बघा, तिला पाय आहेत का. असतील तर राहू द्या. कुंडीतलं रोप लहान असेल तर तीन-चार अळ्या ते उघडंबोडकं करतील, पण मूळ आणि खोड धड असेल तर नवी पालवी फुटते. औषध मारू नका आणि अळी उचलून दुसऱ्या कुठल्याही झाडावर ठेवू नका. जास्वंदीवर ठेवलेली लिंबावरची अळी उपाशी मरते.

जंगलात किंवा गॅलरीत फोटो मिळालाच, तर इन्स्टाग्रामवर टाकताना तो आय-नॅचरलिस्टवरही तारीख आणि ठिकाणासह टाका. ‘बटरफ्लाइज ऑफ इंडिया’ या संकेतस्थळावरही अशा नोंदी घेतल्या जातात, आणि २०२० पासून दर सप्टेंबरमध्ये देशभर ‘बिग बटरफ्लाय मंथ’ होतो. तेव्हा मुंबईतून भरपूर नोंदी जातात, पण त्यांत पंखवालेच जास्त. अळीचा किंवा कोषाचा फोटो, आणि सोबत ती कोणत्या झाडावर होती ही एक ओळ, हे अभ्यासकांना दहा उडत्या फुलपाखरांपेक्षा जास्त उपयोगाचं असतं. कारण त्यावरून कळतं की हे फुलपाखरू त्या भागातून नुसतं गेलेलं नाही, ते तिथे जन्माला येतंय.